वाळीत टाकणारे हात आणि त्यांना बळ देणारे हात

सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये संमत केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ३ जुलै २०१७ रोजी तो अमलात आला. देशात असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, म्हणून पुरोगामी वर्तुळात समाधान व्यक्त झाले. ते समाधान गैर नव्हते. परंतु कायदा झाला म्हणजे काम झाले, ही जी एक सुस्त समजूत आपल्या चळवळीत वारंवार डोके वर काढते, ती याही बाबतीत बळावली आहे. वाळीत टाकलेल्या कुटुंबाची बातमी आली की निषेधाचे पत्रक निघते, तहसीलदाराला निवेदन दिले जाते आणि कार्यकर्ता आपल्या नित्याच्या कामाला लागतो. त्याच गावातील आपला दुसरा कार्यकर्ता मात्र खाजगीत सांगतो, की ही गावकीची बाब आहे, त्यात पक्षाने पडू नये. या ‘पडू नये’चा समाचार घेण्यासाठी हा लेख आहे.

बहिष्कार ही रूढी आहे, अज्ञान आहे, लोकांच्या मनातील अंधश्रद्धा आहे, असे सांगण्याची आपल्याला सवय लागली आहे. हे निदान अपुरे आहे. पाच पंचांनी पारावर बसून उच्चारलेल्या शब्दाने कोणाचेही पाणी तुटत नाही. त्या शब्दामागे कोणाचा तरी हात असावा लागतो. तो कधी शिपायाचा असतो, कधी न्यायाधीशाचा, कधी दुकानदाराचा, कधी शेतमालकाचा. कोणता हात, कोणाच्या हुकुमाने आणि कोणाच्या हितासाठी पुढे येतो, हे पाहिल्याशिवाय बहिष्काराचे मर्म हाती लागत नाही.

राजाचा शिपाई आणि बिशपचा शब्द

ज्या इंग्लंडकडून आपण न्यायालये आणि कायद्याची भाषा घेतली, त्या देशाचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. तेथे चर्चची स्वतंत्र न्यायालये होती. विवाह, मृत्युपत्रे, धर्मकर, नीतिमत्तेचे गुन्हे असे अनेक विषय त्यांच्या अखत्यारीत होते. परंतु या न्यायालयांजवळ स्वतःचे शिपाई नव्हते. त्यांच्याजवळ एकच शस्त्र होते आणि ते म्हणजे धर्मबहिष्कार. त्याने भागत नसे. तेव्हा पुढील व्यवस्था होती. बहिष्कृत मनुष्य चाळीस दिवसांत शरण आला नाही, तर बिशपने तसे राजाच्या दप्तराला लेखी कळवायचे. तेथून ‘बहिष्कृताला पकडावे’ अशा अर्थाचे लॅटिन नाव असलेला राजाचा हुकूम शेरीफच्या नावाने निघायचा आणि शेरीफने त्या माणसाला तुरुंगात टाकायचे. तो किती दिवस? तर चर्चला शरण जाईपर्यंत. शरण गेला की सोडण्याचा दुसरा हुकूम निघे. शिवाय बहिष्कृताला दिवाणी न्यायालयात दावा लावण्यास वा साक्ष देण्यास मज्जाव होता. शब्द बिशपचा, कोठडी राजाची, अशी ही वाटणी होती.

१८१३ साली पार्लमेंटने या हुकुमाचे स्वरूप बदलले. समन्स न पाळणाऱ्यांवर बहिष्काराचे अस्त्र चालवणे बंद झाले. पण त्याच्या जागी ‘अवमान करणाऱ्याला पकडावे’ असा नवा हुकूम आला. नाव बदलले, कोठडी तीच राहिली. चेम्सफर्ड गावी जॉन थॉरोगुड नावाचा जोडे शिवणारा कारागीर होता. तो प्रस्थापित चर्चचा अनुयायी नव्हता. गावच्या चर्चच्या डागडुजीसाठी सर्वांवर सक्तीने बसवलेला कर देण्यास त्याने नकार दिला. रक्कम होती पाच शिलिंग सहा पेन्स. धर्मन्यायालयाचे समन्स आले, तो गेला नाही; आणि अवमानाच्या नावाखाली १८३९ साली तुरुंगात गेला. त्याची सुटका व्हायला १८४० साल उजाडावे लागले आणि त्यासाठी पार्लमेंटला कायद्यात दुरुस्ती करावी लागली. त्या कराची सक्ती मात्र १८६८ पर्यंत टिकली.

एका कारागिराला साडेपाच शिलिंगांसाठी दीड वर्षाहून अधिक काळ डांबून ठेवणारी ही व्यवस्था श्रद्धेच्या रक्षणासाठी होती, असे कोण म्हणेल? ती वसुलीसाठी होती. धर्मपीठाचा शब्द आणि राज्याचा तुरुंग यांच्या गाठीत कोठे तरी पैशाचा पदर असतोच. ही गोष्ट आपल्या घरचा इतिहास वाचताना विसरता कामा नये.

शनिवारवाड्याचा हुकूम, कंपनी सरकारची सही

आपल्याकडे या प्रकाराला ग्रामण्य म्हणत. पेशवाईत पुणे ही केवळ राज्याची राजधानी नव्हती. ग्रामण्याचीही ती राजधानी होती. कोणत्या जातीने कोणते कर्म करावे, कोणाला शुद्ध करून घ्यावे, कोणत्या जातीत विधवेचा पुनर्विवाह चालावा, कोणी धोतर कसे नेसावे, या प्रश्नांवर ब्रह्मवृंद निर्णय देई आणि सरकारी हुकूम त्याची अंमलबजावणी करी. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१९ साली ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास लिहिला, तो या जाचाच्या आठवणी ताज्या होत्या म्हणूनच.

यातले एक प्रकरण तर विलक्षण आहे. सोनार जातीच्या लोकांनी परस्परांना अभिवादन करताना ‘नमस्कार’ हा शब्द वापरू नये, असा पुण्याचा आग्रह होता. पण मुंबईचे सोनार पेशव्यांच्या मुलखात राहत नव्हते. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखाली होते. मग काय झाले? ऑगस्ट १७७९ मध्ये कंपनीच्या मुंबई सरकारने सोनारांच्या मुखियाला लेखी ताकीद दिली, की आपल्या जातीने हा शब्द वापरू नये. विचार करा, की ज्या गोऱ्या व्यापाऱ्यांना ‘नमस्कार’ आणि ‘रामराम’ यांतला भेदही ठाऊक असण्याचे कारण नव्हते, त्यांनी केवळ पुणे दरबाराशी संबंध बिघडू नयेत म्हणून एका जातीच्या जिभेवर पहारा बसवला. डॉ. आंबेडकरांनी आपल्या लेखनात हे प्रकरण नोंदवून ठेवले आहे. बिशपच्या चिठ्ठीवर निघणारा राजाचा हुकूम आणि हा हुकूम यांत फरक तो काय?

आणि हा दोष एकाच धर्माच्या माथी मारण्याचे कारण नाही. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय चालले. देहदंडाचा निर्णय ते स्वतः अमलात आणत नसे. चर्चने रक्त सांडू नये, असा संकेत होता. म्हणून दोषी ठरवलेल्या माणसाला ते राजसत्तेच्या हवाली करी आणि जाळण्याचे काम राजसत्ता करी. धर्मपीठाचे हात सर्वत्र असेच स्वच्छ राहतात.

‘हस्तक्षेप न करण्या’चे राजकारण

पेशवाई बुडाली आणि इंग्रजांचे राज्य आले, तेव्हा ग्रामण्याचा सरकारी हात निघून गेला, असे वरवर दिसते. १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या कायदेसंहितेत असे कलमच घातले गेले, की जातीच्या प्रश्नांत न्यायालयांनी पडू नये. जात व चारित्र्य यांस बाध आल्याबद्दल कोणी नुकसानभरपाई मागितली, तर तेवढा दावा चालवावा. पुढे १८५० च्या कायद्याने जात गेली वा धर्म बदलला म्हणून वारसाहक्क बुडणार नाही, एवढी तरतूद झाली. याला इंग्रजी राज्याची तटस्थता म्हणून नावाजण्याची प्रथा आहे.

परंतु ही तटस्थता कोणाच्या पथ्यावर पडली? वाळीत पडलेला मनुष्य न्यायालयाच्या दारात गेला, तर न्यायाधीश म्हणे, हा जातीचा प्रश्न आहे, आमचा नाही. म्हणजे पूर्वी पंचांच्या निर्णयावर निदान दरबारात दाद मागता येई. आता पंचच सार्वभौम झाले. दुर्बळ आणि प्रबळ यांच्या झगड्यात जो ‘आपण मध्ये पडत नाही’ म्हणतो, तो प्रबळाच्या बाजूने आधीच पडलेला असतो. आज गावकीच्या बाबतीत हेच वाक्य उच्चारणाऱ्या आपल्या कार्यकर्त्याने आपण कोणाचा वारसा चालवीत आहोत, याचा विचार करावा. तो वारसा फुल्यांचा नाही. १८२७ च्या कंपनी सरकारचा आहे.

आणि या तटस्थतेलाही एक अपवाद होता. तो फारच बोलका आहे. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ साली पुण्यात झाली आणि पुरोहितावाचून विवाह लावण्याचे धैर्य शेतकरी कुटुंबे दाखवू लागली. तेव्हा गावच्या वतनदार जोशांनी न्यायालयात धाव घेतली. आमच्याकडून विधी करून घेतला नाही तरी दक्षिणा आमचीच, कारण ते आमचे वतन आहे, असे त्यांचे म्हणणे. आणि मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी वतनदार जोशाचा हा हक्क मालमत्तेचा हक्क म्हणून मान्य केला! पुढे १९२६ साली मुंबई कायदेमंडळाने खास कायदा केला, तेव्हा कोठे न बोलावलेल्या पुरोहिताला दक्षिणा देण्याच्या बंधनातून यजमान सुटला. म्हणजे ज्या न्यायालयाला वाळीत टाकलेल्या माणसाचे पाणी दिसत नव्हते, त्याला जोशाची दक्षिणा मात्र स्वच्छ दिसत होती. माणसाचा प्रश्न जातीचा म्हणून अस्पर्श्य आणि दक्षिणेचा प्रश्न मालमत्तेचा म्हणून पवित्र! चेम्सफर्डचा कारागीर आणि जुन्नरकडचा शेतकरी एकाच चरकात पिळले जात होते.

पंचहौदाचा चहा

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांच्या खटाटोपाने शहरातील नामांकित मंडळी तेथे जमली. पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेल्याला हात लावला. नंतर गोपाळरावांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रातून छापून आणली आणि शहरात वणवा पेटला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक ही दोन्ही नावे त्या यादीत होती. प्रकरण शंकराचार्यांकडे गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ताचा निर्णय झाला. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. त्यांच्याबरोबरच्या मित्रांची घरे अडचणीत आली होती आणि त्यांची सुटका व्हावी हा त्यांचा हेतू होता, असे रमाबाई रानडे यांच्या आठवणींतून दिसते.

या प्रसंगाकडे आपण सहसा विनोदाने पाहतो. चहाच्या पेल्यातले वादळ म्हणून तो सांगितला जातो. परंतु त्यातली गंभीर गोष्ट अशी, की रानडे हे त्या वेळी सरकारी न्यायाधीश होते. दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या कायद्याखालील दाव्यांवर देखरेख करण्याचे काम त्यांच्याकडे होते. सावकाराच्या कागदाला जाब विचारण्याचा अधिकार असलेला हा न्यायाधीश स्वतः मात्र अशा एका न्यायासनापुढे आरोपी होता, की ज्याला इंग्रजी कायद्याने ना अधिकार दिला होता, ना बंदी केली होती. या वेळी शेरीफ नव्हता, पेशव्यांचा हुकूमही नव्हता. तरीही देशातील एक प्रखर बुद्धिमान पुरुष नमला. का? कारण आचारी, भटजी, सोयरे, मुलींची स्थळे आणि श्राद्धाचे आमंत्रण, अशा शेकडो धाग्यांनी त्याच्या मित्रांचे संसार बांधलेले होते आणि प्रत्येक धाग्याचे टोक दुसऱ्याच्या हाती होते.

त्याच शहरात, मिशनपासून जवळच असलेल्या गंज पेठेत, त्या दिवसांत जोतीराव फुले अखेरच्या आजारात होते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. शूद्रातिशूद्रांच्या मुलींना शिकवतो म्हणून त्यांना व सावित्रीबाईंना १८४९ च्या सुमारास वडिलांचे घर सोडावे लागले होते. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. त्यांनी प्रायश्चित्त घेतले नाही. रानड्यांना कमी लेखण्यासाठी आम्ही ही तुलना करीत नाही. पुरोहिताचा धागा ज्याने आधीच स्वतःच्या हाताने तोडला, त्याला पुरोहित बांधू शकत नाही, एवढेच यातून घ्यायचे आहे. फुल्यांनी केवळ विचार दिला नाही. जन्म, विवाह आणि मृत्यू यांसाठी पर्यायी व्यवस्था उभी केली. बहिष्काराला खरे उत्तर पर्यायी बिरादरी हेच असते. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला. त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्काराचा ठराव केला, तरी ते उभे राहिले. कारण पुण्यात त्यांच्या पाठीशी नोकरी होती आणि समविचारी माणसे होती.

पाठीवर मारा, पोटावर मारू नका

पण ज्याच्यापाशी नोकरीही नाही आणि मित्रही नाहीत, त्याचे काय? आपल्या भाषेत म्हण आहे, पाठीवर मारा पण पोटावर मारू नका. बहिष्कार नेमका पोटावर मारतो. रानड्यांच्या मंडळींची अडचण पंगतीची होती. भूमिहीनाची अडचण भाकरीची असते. १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर आणि त्याच्या आसपासच्या काळात हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांविरुद्ध खेड्यापाड्यांतून हे शस्त्र कसे चालवले गेले, याचा साक्षीदार डॉ. आंबेडकरांहून मोठा कोणी नाही. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. जमीन काढून घेणे, मजुरी बंद करणे, वाण्याने जिन्नस न देणे, वाट अडवणे, अशा उपायांनी सवर्ण गावकरी अस्पृश्यांचा प्रतिकार मोडून काढतात, हे त्या समितीने १९३० च्या अहवालात नमूद केले. उघड मारहाणीपेक्षा हा उपाय अधिक परिणामकारक ठरतो, कारण यात कायद्याचा भंग होत नाही. म्हणूनच गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेबांनी जी संरक्षणाची योजना ठेवली, तीत सामाजिक बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवावा अशी स्पष्ट मागणी होती आणि त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला होता. महाराष्ट्राने तो कायदा केला २०१६ साली. मागणी आणि पूर्तता यांत पंचाऐंशी वर्षांचे अंतर आहे. स्वतःला फुले-आंबेडकरांचा म्हणवणाऱ्या राज्याला हे अंतर शोभा देणारे नाही.

मधल्या काळात एक प्रयत्न झाला होता. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कृती प्रतिबंधक कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि ९ जानेवारी १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो घटनाबाह्य ठरवला. धर्मसंप्रदायाची शिस्त राखण्यासाठी धर्मगुरूला बहिष्काराचा अधिकार हवा, असे बहुमताचे म्हणणे. एकटे सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा वेगळे बोलले. बहिष्कृताची अवस्था व्यवहारात अस्पृश्यासारखी होते, हे त्यांनी ओळखले. या निर्णयाचे परिणाम सुधारणावादी बोहरांनी भोगले. नरेंद्र नथवानी यांच्या आयोगाने १९७९ साली त्यांच्या छळाची नोंद केली. असगर अली इंजिनिअर यांच्यासारख्या विचारवंताला मारहाण सोसावी लागली. १९६२ च्या निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून १९८६ साली दाखल झालेली याचिका फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे वर्ग झाली. ज्यांनी तारुण्यात दाद मागितली, ते वृद्ध झाले. धर्मपीठाचा निर्णय चाळीस दिवसांत पोटाला भिडतो आणि राज्यघटनेचा निर्णय चाळीस वर्षांत लागत नाही, हे आपल्या लोकशाहीचे दुखणे आहे.

तीन आक्षेप

आता आपल्याच मंडळींकडून येणाऱ्या आक्षेपांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा, की कोणाशी रोटी-बेटी व्यवहार ठेवावा हे ज्याचे त्याचे स्वातंत्र्य आहे. खरे आहे. माझ्या घरी कोणी जेवावे, हे मी ठरवीन. परंतु दुसऱ्याने कोणाला जेवू घालावे हे ठरवण्याचा अधिकार मला कोणी दिला? बहिष्कारात एका माणसाचा संबंध तुटत नाही. संबंध ठेवू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला दंडाच्या धाकाने तोडले जाते. बहिष्कृत हा एकटा पीडित नसतो. सारे गावच ओलीस धरलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक मर्मभेदी आहे. बहिष्कार हे तर आपलेही शस्त्र आहे. परदेशी मालावर आपण बहिष्कार घातला, संप फोडणाऱ्यांशी व्यवहार तोडले. मग आता कोणत्या तोंडाने बोलायचे? याचे उत्तर स्वच्छ आहे. ज्यांच्या हाती सत्ता आणि साधने आहेत त्यांच्याविरुद्ध, एका निश्चित मागणीसाठी, निर्बळांनी एकजुटीने दिलेला नकार हा प्रतिकार आहे. ज्याच्या हाती काही नाही, त्याचे पाणी, मजुरी आणि मयताचे चार खांदे तोडणे, हा दमनाचा प्रकार आहे. दिशेचा हा फरक ध्यानात ठेवला की गोंधळ उरत नाही. तरीही एक कबुली द्यायला हवी. संपाच्या भरात एखाद्या भुकेल्या कामगाराच्या बायकामुलांचे पाणी तोडण्याची भाषा आपल्याही वस्त्यांत झाली असेल, तर ती चूक होती. शस्त्र आपले म्हणून ते पवित्र होत नाही.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कायद्याचा बडगा कोणावर पडतो? भटक्या-विमुक्तांच्या जातपंचायतींवर. हे खोटे नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवण्याचा मार्ग खुला केला. ज्यांना पोलीस ठाण्यात जायचे तर आरोपी म्हणूनच जावे लागे, त्यांनी आपले तंटे आपल्या पंचांपुढे नेले, यात नवल नाही. त्यांची पंचायत ही राज्याने नाकारलेल्या न्यायाची भरपाई होती. पण म्हणून ती आज निर्दोष ठरत नाही. दंडाच्या रकमा पंचांच्या खिशात जातात, आंतरजातीय विवाह करणारी मुलगी समाजाला मेलेली ठरते, नववधूच्या कौमार्याची परीक्षा घेतली जाते. या प्रथेविरुद्ध बोलणाऱ्या कंजारभाट तरुणांना जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीत मारहाण झाली. ते तरुण त्याच समाजाचे होते. ‘त्यांची संस्कृती आहे’ म्हणून आपण गप्प बसणे, हा त्या तरुणांचा विश्वासघात ठरेल.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून जातपंचायतींना मूठमाती देण्याचे जे अभियान चालवले, त्याने योग्य वाट दाखवली. पंचांशी संवाद करून, त्यांच्याच समाजाच्या मेळाव्यांत काही पंचायती विसर्जित करण्यात आल्या. त्याच वर्षी, २० ऑगस्ट २०१३ रोजी, याच पुणे शहरात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. शब्दाने बहिष्कार टाकणाऱ्यांचा शब्द संपतो तेव्हा काय पुढे येते, हे या शहराने पाहिले आहे.

मात्र या आक्षेपातील दुसरा भाग आपण उचललाच पाहिजे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार होऊ देता कामा नये. पालातल्या पंचाला बेड्या आणि गढीतल्या गावकीला अभय, असे चालणार नाही. कोकणातील, विशेषतः रायगड जिल्ह्यातील गावकीच्या बहिष्काराची प्रकरणे वर्षानुवर्षे गाजली. तेथे पंच हे गावचे प्रतिष्ठित, अनेकदा राजकीय पक्षांचे पदाधिकारी असतात. आणि शहरात? सहकारी गृहरचना संस्थेत विशिष्ट धर्माच्या, जातीच्या वा आहाराच्या माणसाला घर मिळू न देणारी मंडळी पारावर बसत नाहीत. ती शिकलेली असतात, सभेचे इतिवृत्त लिहितात आणि भारतीय संविधानाच्या शपथा घेतात. त्यांना आपण कधी जातपंचायत म्हटले आहे काय?

कार्यकर्त्याचे काम

२०१६ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड यांची तरतूद आहे. दंडाची रक्कम पीडिताला मिळू शकते. बहिष्कार प्रतिबंध अधिकाऱ्याची योजना आहे. पीडिताची संमती व न्यायालयाची परवानगी असल्यास प्रकरण आपसात मिटवण्याचीही सोय आहे. ही शेवटची सोय दुधारी आहे. गावात एकाकी पडलेल्या कुटुंबाची ‘संमती’ कशी मिळवली जाते, हे सांगायला नको. त्या संमतीच्या बैठकीत पीडिताच्या बाजूने कोणी बसलेले नसेल, तर तडजोडीच्या नावाने पंचायतच पुन्हा भरते.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे काही निश्चित गोष्टी ठेवतो. एक, बहिष्काराच्या ठरावात वा दंडवसुलीत सामील झालेल्या कोणालाही पक्षाचे सभासदत्व असू नये; गावकीतील त्याचे वजन आणि मते कितीही असोत. दोन, वाळीत पडलेल्या कुटुंबाची केवळ फिर्याद लिहून घेऊन थांबू नये. त्या घरी जाऊन जेवावे, त्यांच्या विहिरीवर उभे राहावे, त्यांच्या मयताला खांदा द्यावा, त्यांच्या मुलामुलींच्या विवाहात पुढे व्हावे. तीन, त्यांची मजुरी तुटली असेल, तर रोजगार हमीच्या कामाची मागणी त्याच आठवड्यात नोंदवावी आणि काम मिळेपर्यंत कचेरी सोडू नये. चार, खटला उभा राहील तेव्हा साक्षीदाराच्या पाठीशी तारखेगणिक हजर राहावे, कारण साक्षीदार फुटतो तो न्यायालयाच्या पायरीवर नव्हे, परतीच्या एस.टी.त, एकटा असताना. पाच, आपल्या शहरातील गृहरचना संस्थांच्या अलिखित नियमांची तीच चौकशी करावी, जी आपण पालांवर जाऊन करतो.

यात मते जातील हे आम्हाला ठाऊक आहे. गावकी एकगठ्ठा मत देते आणि वाळीत टाकलेल्या घरात मते असतात चार-पाच. हा हिशेब सरंजामी पक्षांनी करावा. ज्या पक्षाची स्थापनाच शेवटच्या माणसाच्या नावाने झाली आहे, त्याने तो करू लागणे म्हणजे आपल्या अस्तित्वाचे कारण गमावणे होय.

पाच शिलिंग सहा पेन्सांसाठी कोठडीत बसलेल्या त्या कारागिराला बिशपच्या शब्दाने डांबले नव्हते; शेरीफच्या किल्लीने डांबले होते. आपल्या गावोगावच्या कोठड्यांना भिंती नाहीत, कुलपे नाहीत. त्यांच्या किल्ल्या दुकानदाराच्या गल्ल्यात आहेत, शेतमालकाच्या मुठीत आहेत, पोलीस पाटलाच्या मौनात आहेत. त्यांतली एखादी किल्ली आपल्याही खिशात नाही ना, हे प्रत्येक कार्यकर्त्याने आज घरी गेल्यावर चाचपून पाहावे.